क्लॅरिनेटवाल्याची गाठ

११ नोव्हेंबर

सकाळपासून मायक्रोस्कोपखाली एकच स्लाइड. भिंगारचे पीरमहंमद, वय छप्पन्न. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत गाठ. सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा! त्यात निळ्या पेशींचे पुंजके, मधेमधे चाळणीसारखी भोकं. अशा दिसणाऱ्या दोन गाठी — एक साधी, दुसरी नसेवरून सरपटत जाणारा कॅन्सर. दोन्ही क्वचितच दिसतात.

सर्जन रविराजचा फोन. "मॅडम, एका शब्दात सांगा. नस वाचवायला बघू, की कापायची तयारी ठेवू?"

चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. ती कापली की ओठ एका बाजूला पडणार. मग क्लॅरिनेट कसलं!

एका शब्दात नाही सांगता येत, म्हटलं. जरा चिडला.

१२ नोव्हेंबर

तुकडा पुण्याला पाठवला, खास तपासण्यांसाठी.

१५ नोव्हेंबर

पीरमहंमदांची मुलगी फरहीन लॅबमध्ये येऊन गेली. रिपोर्ट आला का? नाही. तरी बसून राहिली. "अब्बा आरशासमोर गाल फुगवून बघतात, मॅडम. वाजवत न्हाईत. नुसतं बघतात."



२० नोव्हेंबर

पुण्याचा निकाल आला. सरपटणारा कॅन्सर नाही! रविराजला सांगितलं — बहुधा साधी गाठ. पण खरं नाव अख्खी गाठ हातात आल्यावरच. भोवतीचं कवच शाबूत असेल तर साधी. कवच फोडून बाहेर आली असेल तर तोही कॅन्सरच, पण तिसराच प्रकार — पेशी मात्र अगदी साध्या गाठीसारख्याच दिसतात.

"तुमचं हे 'बहुधा'!" हसला. "बरं, नस वाचवायला बघतो."

२८ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. नस वाचली. गाठ लिंबाएवढी, गुळगुळीत.

१ डिसेंबर

पहिल्या स्लाइड्स पाहिल्या. कवच सगळीकडे नीट. दुपारी फरहीनचा फोन — अब्बांनी बशीतला चहा फुंकून प्यायला, ओठ सरळ! मलाही हसू आलं.

आमचा टेक्निशियन सुनील म्हणाला, "मग मॅडम, रिपोर्ट देऊन टाकू?"

नको. उरलेल्या कवचाच्याही स्लाइड्स कर.

"सगळ्या?"

सगळ्या.

४ डिसेंबर

शेवटच्या स्लाइडमध्ये कवच फुटलंय. एकाच जागी, पण पेशी बाहेरच्या चरबीत उतरल्यात. पुन्हा पुन्हा पाहिलं. नाव बदललं. सावकाश वाढणारा, पूर्ण निघालेला — तरी कॅन्सर.

पीरमहंमद रिपोर्ट न्यायला स्वतःच आले होते. मी आधी रविराजशी फोनवर बोलले आणि मग मीच पीरमहंमदांना सांगितलं.

"परत यील का?"

येऊ शकते. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. कायम.

"तवर क्लॅरिनेट फुंकायला हरकत न्हाई ना?"

नाही, म्हटलं.