विहिरीच्या पाण्याचा तांब्या

२ एप्रिल १९५७, आकुर्डी

आलो एकदाचा! स्टेशनवर बंगल्याचा टांगा हजर होता. परवापर्यंत मुंबईच्या मत्स्यालयात फरशी पुसत होतो, आज यशवंतरावांच्या माशांचा कारभारी झालो. खोली हवेशीर, खाट नवी. जेवायला मटकीची उसळ होती, भाकऱ्या तीन हाणल्या. विहिरीचं पाणी तर पीतच राहावं असं.

यशवंतरावांचा पिंपरीला बाटल्यांचा कारखाना आहे. तिथल्याच माणसांकडून त्यांनी आठ फुटी काचेची टाकी करवून घेतली. धूळ नको म्हणून तिच्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद, नुसत्या काचा आणि बाहेरून लोखंडी गज. टाकीत अकरा मासे आहेत, बोटाएवढे, हिरवट निळे. लखदीव बेटांकडे हे प्रवाळावर शेकड्यांनी राहतात. सावली पडली की सगळा थवा प्रवाळाच्या फांद्यांत शिरतो. टाकीतही प्रवाळाचा एक फाटा ठेवलाय. माझ्या सावलीला तसेच पळाले. भले शाब्बास, म्हटलं, धनी ओळखला!

५ एप्रिल

आज मालकांनी बजावलं की टाकीत गोड्या पाण्याचा थेंब जरी पडला तरी गाठ त्यांच्याशी आहे. मी मान डोलावली आणि मनात हसलो.

रोजनिशीपासून काय लपवायचं? माझ्या आधी इथे हनीफ होता, रत्नागिरीकडचा. हे मासे त्यानंच आणलेले. मी समुद्राच्या पाण्याची पिंपं घेऊन ट्रकबरोबर यायचो. एकदा हौसेनं जाळी उचलली, तर त्यानं चारचौघांत ती हिसकावून घेतली आणि म्हणाला, झाडूवाल्यानं झाडूच धरावा. सगळे हसले. मीही हसलो. पण विसरणारा मी नव्हे.

तो रोज टाकीत तांब्याभर विहिरीचं पाणी घालायचा. बरोबरच होतं त्याचं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वर पुन्हा खारंच घालत गेलं तर टाकीचं मिठागर होईल. मुंबईला आम्हीही तसंच करतो. पण माळावरच्या या लोकांना ते काय ठाऊक? मी मालकांना निनावी पत्र टाकलं: ‘तुमचा माणूस समुद्राच्या माशांना विहिरीचं पाणी पाजून मारतो आहे.’ महिन्याभरात जागा रिकामी झाली. जिरवली की नाही?

९ एप्रिल

मला वाटलं होतं, हनीफला हाकलला असेल. आज धर्माजी माळ्यानं खरं काय ते सांगितलं. "मालकांनी त्याला माशांच्या खोलीत कोंडला, आन् किल्ली घिऊन म्हमईला गेले. दोन रोज पानी पानी करीत व्हता. आमी कुलूप कसं तोडायचं, राव? तिसऱ्या दिशी बघतो तर टाकीत त्वांड घालून मरून पडल्याला."

त्याची बायको नूरबी तेव्हा माहेरी होती. आता इथेच भांडी घासते, कुणाशी बोलत नाही.

वाईट वाटलं. पण कोंडा असं मी कुठे लिहिलं होतं?

१३ एप्रिल

टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं. विहिरीचं घालायला हवं. पण धर्माजी दारात, नूरबी समोर, आणि ते पाणी म्हणजे विष असं मीच सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं. मुकाट्यानं पिंपातलं खारं ओतलं. आठवड्यात तिसऱ्यांदा.

एक मासा गेला. त्याआधी बाकीचे दहा त्याच्यावर तुटून पडले होते. समुद्रात असा मासा दूर निघून जातो म्हणतात. काचेत तो कुठे जाणार? कोपऱ्यात उभा राहिला आणि मार खात राहिला. मला बघवलं नाही.

१८ एप्रिल

सातच उरलेत. आता माझ्या सावलीला पळत नाहीत. काचेपाशी ओळीनं उभे राहून माझ्याकडे बघतात. मी उजवीकडे गेलो की तेही उजवीकडे.

पिण्याचं पाणी खारट लागलं. नूरबीला विचारलं, तिनं त्याच माठातलं पिऊन दाखवलं. "गोडच आहे, भाऊ."

भर दुपारी टाकीजवळच्या फरशीवर पावलं दिसली. अनवाणी, पांढरी. जीभ लावून पाहिली. मीठ.

२२ एप्रिल

चार. चहा खारट, भात खारट. ओठ फुटलेत. पावलं आज खाटेपर्यंत आली. उशीवर मिठाचा थर होता, नखानं खरवडला.

नूरबीनं विचारलं की तो रोज तांब्याभर पाणी घालायचा, मग तुम्ही का घालत नाही? मी म्हटलं, समुद्राच्या माशांना विहिरीचं पाणी पाजून मारायचं आहे का? तिचा घासायचा हात थांबला. म्हणाली, त्या पत्रात अगदी असंच लिहिलं होतं, मालकांनी मला वाचून दाखवलं होतं. मग पुन्हा घासायला लागली.

भीती वाटते. खरं सांगून टाकावं? मग नोकरी गेली, आणि जिवाचीही शाश्वती नाही. नाही सांगवत.

२५ एप्रिल

दोन. मालक मुंबईला गेले. आता मागेपुढे बघायचं नाही. गोडं पाणी घातलं तर हे दोन वाचतील, आणि कदाचित मीही.

दुपारी

घातलं. पहिलाच तांब्या. धर्माजीनं पाहिलं, ओरडला, सगळे गोळा झाले. मी समजावलं — ऊन, मीठ, सगळं. धर्माजी म्हणाला, हनीफबी ह्येच सांगत व्हता. कुणी ऐकेना. सगळे मिळून अंगावर आले. मी कोपऱ्यात —

कुलूप लागलं. किल्ली नूरबीनं फिरवली. दारापलीकडून शांतपणे म्हणाली, मालक येईस्तोवर.

२६ एप्रिल

ओरडून घसा बसला. पाणी मागितलं. बाहेर भांडी घासल्याचा आवाज. तो थांबत नाही.

तांब्या रिकामा. शेवटचा घोटही खाराच होता.

मासा एकच.

२७?

टाकीतलं प्यालो. ओकलो. पुन्हा प्यालो —

पावलं उमटतायत. आता, डोळ्यांदेखत. टाकीपासून माझ्याकडे. एक — दोन —

मासा काचेला लागून उभा. त्याच्यावर सावली पडली आहे. पण मी तर इथे, दाराशी —

लिहून ठेवतो. मालकांनी वाचावं. हनीफनं काही वाईट केलं नव्हतं. पाणी बरोबर होतं. पत्र खोटं होतं. ते मी —

पेन्सिलीवर हात. ओला. माझा नव्हे.

पत्राखाली नाव नव्हतं, म्हणतो. आता घाल.

घालतो. घालतो रे. पाणी दे, घालतो —

पत्र लिहिणारा, मी, मुंबई मत्स्यालयाचा झाडूवाला —