कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

ता. ४, सोमवार

दुपारी टीव्ही गेला. आधी आवाज गेला, मग चित्र एका रेघेवर आलं, मग रेघही गेली. एकोणीस वर्षं चालला. वरून दोन थापा मारल्या, बाजूने एक. उपयोग नाही.

नेमकं आत्ताच व्हायचं होतं. हिचा पाय प्लॅस्टरमध्ये. स्टुलावरून पडली त्याला तीन आठवडे झाले. (स्टुलाचा पाय डुगडुगत होता हे मला माहीत होतं. दुरुस्त करून आणणारच होतो, पण सुतार अवाच्या सवा मागत होता.) दिवसभर बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून असते. समोर भिंतीतला कोनाडा, कोनाड्यात टीव्ही. दुसरं बघायला काही नाही. मी आहे, पण मला ती बेचाळीस वर्षं बघते आहे.

संध्याकाळी मुलाचा फोन. नात लहान मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमात निवडली गेली. रविवारी, ता. २४ ला, संध्याकाळी सहाला टीव्हीवर दिसणार. हिला रडूच फुटलं. मुलगा म्हणाला, बाबा, मी इथून ऑनलाइन टीव्ही पाठवतो, परवा घरी येईल. मी म्हटलं, अजिबात नको. चाळीस वर्षं कापडबाजारात घासाघीस केलेला शिंपी आहे मी. बोटाने चाचपल्याशिवाय वस्तू घेत नाही.

संकल्प: आठ दिवसांत टीव्ही. आणि वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांपेक्षा स्वस्त. त्यांनी गेल्या वर्षी त्रेचाळीस इंची घेतला, चोवीस हजाराला. जिन्यात भेटले की अजून सांगतात.

हे सगळं नीट लिहून ठेवायचं. दुकानातली मापांची वही निम्मी कोरी आहे, तीच घेतली.

ता. ५, मंगळवार

सुनेचा फोन. कार्यक्रमासाठी पायघोळ फ्रॉक शिवून पाठवाल का, मापं सांगते. म्हटलं, पोरी, माप माझ्या डोळ्यात आहे, तू फक्त पत्ता सांग. पिवळं कापड पडून होतं. दुपारपर्यंत बेतून शिवूनही झाला. झालर ही लावते आहे, पडल्या पडल्या. म्हणाली, माझी झालर टीव्हीवर दिसणार.

कोनाडा मोजला. रुंदी तेहतीस, उंची अठ्ठावीस. म्हणजे बत्तीस इंची टीव्ही घ्यायचा, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच दाब सोडून. दोघांना बास आहे.

ता. ६, बुधवार

मोहीम सुरू. बसस्टॉपसमोरचं मोठं दुकान. माझी पद्धत: ज्या वस्तूसाठी आलो तिच्याकडे बघायचंच नाही. वीस मिनिटं वॉशिंग मशीन बघितली. विकणारा पोरगा टाय लावलेला, पँट मात्र चार बोटं लांब, टाचेखाली मळलेली. अशा माणसाचा भरवसा काय धरायचा? त्याने मला वॉशिंग मशीनचा फॉर्म निम्मा भरायला लावला. वेळीच सावध झालो.

मग टीव्ही. म्हणाला, काका, स्मार्ट घ्या, इंटरनेट चालतं. मी म्हटलं, टीव्ही साधा असू दे, घेणारा स्मार्ट असला म्हणजे झालं. जुना टीव्ही दिला तर काय सूट, विचारलं. म्हणाला, चालू असला तर हजार रुपये. म्हटलं, अरे, चालू असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?

शेवटी हुकमी डाव टाकला. परवडत नाही म्हटलं आणि चालू लागलो. कापडबाजारात तिसऱ्या पावलाला व्यापारी हाक मारतो. इथे दारापर्यंत अकरा पावलं झाली. पायऱ्या सावकाश उतरलो. बसस्टॉपवर अर्धा तास उभा राहिलो, दोन बस सोडल्या. हाक आली नाही. आत गर्दी होती, त्याला दिसलो नसेन.

ता. ७, गुरुवार

ब्लडप्रेशरची गोळी विसरलो. विश्रांती. फ्रॉक पार्सलने गेला. हिने बांधण्याआधी दोनदा उलगडून बघितला. म्हणाली, लांब तर नाही ना वाटत? मी म्हटलं, तू झालरीपुरतं बोल.

ता. ९, शनिवार

लिहू नये असं वाटतं. पण पद्धत म्हणजे पद्धत.

टायवाल्याच्या दुकानात गेलो. बत्तीस इंची पसंत केला. त्याने आपणहून पाचशे कमी केले, आजच दुपारी घरी पोचवतो म्हणाला. पैसे काढायच्या आधी खिशातला टेप काढला. रुंदी मोजली. अठ्ठावीस! पुन्हा मोजली. अठ्ठावीसच. मी आवाज चढवला. चार इंच खाता? मीटरला चार इंच मारले असते तर गिऱ्हाइकाने माझं दुकान पेटवलं असतं! माणसं जमली. एका बाईने माझी बाजू घेतली. एक जण म्हणाला, आजोबा, पोलिसात द्या यांना. मला जोर आला. मॅनेजरला बोलवा म्हटलं.

टायवाल्याने माझ्या हातातलं टेपचं टोक अलगद घेतलं, स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याला लावलं आणि खालच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. बरोबर बत्तीस. म्हणाला, काका, टीव्ही तिरका मोजतात.

माझी बाजू घेतलेली बाईच आधी हसली.

मी म्हटलं, तेच बघत होतो, तुम्हाला माहीत आहे की नाही. आणि आलो निघून. टीव्ही न घेता. त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणं शक्य नाही.

पण मी म्हणतो, माणसाचा डावा खांदा ते उजवी टाच असं माप घेऊन कुणी सदरा शिवतं का?

हिला सांगितलं, माल हलका होता.

ता. ११, सोमवार

आठ दिवस होत आले. हिने विचारलं नाही, नुसतं कोनाड्याकडे बघितलं. जुना टीव्ही तिथेच आहे. काळ्या काचेत कॉट दिसते, म्हणाली, आणि कॉटवर मी.

पोस्टमास्तर औषध द्यायला खाली आले होते. दुकानात त्यांच्या ओळखीचं कुणीतरी होतं वाटतं, कारण ते टेपचं सगळं सांगून गेले, जसं घडलं तसं, वर थोडं जास्तच. ते गेल्यावर ही म्हणाली, अहो, ब्लाउजच्या उरेब पट्ट्या जन्मभर कापल्यात तुम्ही. कापड तिरकं धरायचं तुम्हाला मी शिकवायचं का?

पाणी प्यायला आत गेलो. तांब्या भरलेला होता, तरी पुन्हा भरला.

ता. १३, बुधवार

बरं झालं ते. अपमानातून माणूस शिकतो. आज नव्या पद्धतीने कोनाडा मोजला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्रेचाळीस आणि वर दोन सूत! म्हणजे आपल्या कोनाड्यात त्रेचाळीस इंची टीव्ही बसतो, आणि मी बत्तीस घेऊन मोकळा झालो असतो. पोस्टमास्तरांएवढाच! त्या टायवाल्याने हसून माझं भलंच केलं.

मागच्या गल्लीत दुसरं दुकान आहे. तिथे त्रेचाळीस इंचीचा नवा सत्तावीस हजार, आणि दुकानात मांडून ठेवलेला साडेपंचवीस. मालक जाड भिंगांचा, टाय नाही, पँट बरोबर. म्हणाला, आमचा सेल सोमवारी, ता. २५ ला संपतो. मांडलेला पीस तोवर राहिला तर भाव उतरत जाईल. मांडलेला परत घेत नाही मात्र.

मी मनात म्हटलं, गाठ माझ्याशी आहे.

ता. १५, शुक्रवार

गेलो. पीस आहे. पंचवीस हजार. थांबलो.

ता. १८, सोमवार

पीस आहे. भाव तोच. शेजारी उभं राहून एका जोडप्याला हळूच सांगितलं की याचा रंग फार भडक आहे. ते गेले. पापच, पण हिच्यासाठी.

ही म्हणाली, रविवार जवळ येतो आहे. म्हटलं, शनिवारी टीव्ही घरात. ती म्हणाली, पंचवीस काय नि चोवीस काय, आणा एकदाचा. बायकांना यातलं कळत नाही.

ता. २३, शनिवार, सकाळी

साडेचोवीस. पोस्टमास्तरांपेक्षा पाचशे जास्त.

पैसे खिशात होते. मालक म्हणाला, घेऊन टाका, संध्याकाळी पोचवतो. मी विचारलं, सोमवारी काय होईल? तो म्हणाला, राहिला तर साडेतेवीसला देईन, पण राहील की नाही ते सांगत नाही.

साडेतेवीस!

दुपारी

हिला सांगितलं की दुकान बंद होतं. असे कार्यक्रम पुन्हा दाखवतातच, असंही म्हटलं. उशी सारखी करून द्या म्हणाली.

पोस्टमास्तर आले. म्हणाले, उद्या वहिनींना खुर्चीत बसवून वर नेऊ, दोन माणसं बोलावतो. मी म्हटलं, जिना अरुंद, पाय आपटला तर जबाबदार कोण? काळजीपोटीच म्हटलं. दुसरं काही नव्हतं मनात.

ता. २४, रविवार

सहा वाजता वर टीव्ही लागला. छतातून सगळं ऐकू येतं. आधी जाहिराती, मग टाळ्या, मग नातीचा आवाज. मी काहीतरी बोलायला गेलो. हिने हात वर करून गप्प केलं. डोळे छताला लावून पडून राहिली. गाणं तीन मिनिटं होतं.

नंतर पोस्टमास्तर पेढ्यासारखं तोंड करून खाली आले. काय गायली हो, म्हणाले. हिने विचारलं, फ्रॉक कसा दिसत होता? ते गडबडले. फ्रॉक... होता की. निळा का पांढरा. छान होता.

पिवळा होता. झालर पांढरी. दोन दिवस ही पडल्या पडल्या टाके घालत होती.

आज जेवलो नाही. पोट बरं नव्हतं.

ता. २५, सोमवार

पीस राहिला! साडेतेवीस हजार. पोस्टमास्तरांपेक्षा पाचशे कमी, तोही त्रेचाळीस इंची. मालकाने हात मिळवला. उद्या पोचवतो म्हणाला.

घरी येऊन भाव सांगितला. ही म्हणाली, वरातीमागून घोडं.

ता. २६, मंगळवार

सकाळी दोन हमाल टीव्ही घेऊन आले. कोनाड्यात घालायला गेले. बसेना. एक बाजू आत, दुसरी पाच इंच बाहेर. मी टेप काढला. टीव्हीची रुंदी अडतीस. कोनाड्याची तेहतीस. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही सारखेच. कोनाडा चौकोनी आहे आणि टीव्ही लांबुळका, हे कुठल्याही शिंप्याला दिसलं असतं.

मी म्हटलं, जरा तिरका करून बघा. हमाल म्हणाला, बसला तरी आजोबा, मान वाकडी करून बघणार का?

ही कॉटवरून सगळं बघत होती.

घरात अडतीस इंचाला पुरेल अशी एकच जागा निघाली. माझी शिलाई मशीन. झाकण लावलं, वर टीव्ही ठेवला. आवाज ऐकून पोस्टमास्तर खाली आले, त्यांनीही हात लावला.

तेवढ्यात मुलाचा फोन. म्हणाला, आईला सांगा, कार्यक्रम इंटरनेटवर आला आहे, पाहिजे तेव्हा बघता येईल. नवा टीव्ही इंटरनेटचा आहे ना, बाबा? पाठीमागे बघितलं, पुढे बघितलं. हमाल म्हणाला, हे जुनं मॉडेल, यात ते नाही, म्हणून तर स्वस्त.

पोस्टमास्तर म्हणाले, माझ्यात आहे. चला वर.

या वेळी मी जिन्याबद्दल काही बोललो नाही. हिला खुर्चीत बसवलं. दोन्ही हमालांनी खुर्ची उचलली, पोस्टमास्तर मागून धरून, आणि मी पुढे, उलटा चालत, तिचा प्लॅस्टरचा पाय दोन्ही हातांत घेऊन. वीस पायऱ्या. पाय कुठे आपटला नाही.

वर मी विचारलं, मास्तर, चोवीस हजारात इंटरनेटवाला कसा दिला हो तुम्हाला? ते रिमोटकडे बघत राहिले. मग म्हणाले, अठ्ठावीसला पडला. माझी घासाघीस जमली नाही. लोक हसतील म्हणून चोवीस सांगतो.

मी जमिनीकडे बघितलं. तेही जमिनीकडे बघत होते. अठ्ठावीसपेक्षा कमी भाव माझ्या वहीत तेरा तारखेपासून होता.

मग नात आली. पिवळा फ्रॉक, पांढरी झालर. डाव्या हाताने फ्रॉक थोडा उचलून धरलेला. पूर्ण गाणं ती तशीच उभी होती. एक पाऊल पुढे यायचं होतं, तिथे तिने आधी खाली बघितलं. पोस्टमास्तर म्हणाले, काय ऐट आहे पोरीची! कसा धरला आहे बघा, राणीसारखा.

ऐट नव्हती ती. पायात येत होता. चार बोटं लांब होता.

मला दिसलं. हिलाही दिसलं, कारण तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो. ती म्हणाली, झालर छान बसली आहे.

पुन्हा लावा म्हणाली. तीन वेळा बघितलं.

खाली आल्यावर हिला कॉटवर नीट ठेवलं. सुनेला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मापं त्या दिवशीच सांगणार होते. मी म्हटलं, सांग, लिहून घेतो.

नात. खांदा ते घोटा: पस्तीस. मी अडतीसवर बेतला होता.