पिशोरला गेलेली डिस्क

२ मार्च, सोम.
सुनंदा सकाळच्या एसटीनं माहेरी गेली, पिशोरला. शिवणक्लास आता तिथंच काढणार म्हणे. ब्लाउजच्या डिझाइनची डिस्क माझ्या कॉम्प्युटरपासून सोडवून सोबत नेली. दारात म्हणाली, "तुम्हाला माणूस लागतच नाय. तिकडं कुणी चुका तरी काढणार नाय माझ्या."
भांडी घासली. झोपलो.

३ मार्च, मंगळ.
मशीन, म्हणजे माझा कॉम्प्युटर, चालू होताना अडलं. बोर्डची तपासणी ठीक, सिस्टीम उचलणारा ग्रब ठीक, सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल चढलं. मग एक नंबरची प्रोसेस, जी बाकी सगळ्यांना उठवते, ती थांबली. एका फाइलीत जोडायच्या डिस्कची यादी असते, त्यातली प्रत्येक डिस्क जोडल्याशिवाय ती पुढं सरकत नाही. सुनंदाची डिस्क यादीत आहे. दीड मिनिट मशीननं त्या डिस्कची वाट बघितली आणि इमर्जन्सी मोड, म्हणजे अर्धवटच चालू. काळा पडदा. बाकीचं हातानं सुरू केलं.
मशीनची चूक नाही. लिहिलंय तसं वागतं.

५ मार्च, गुरु.
रोज तेच. शेजारचा सलीमभाई चहाला आला, गुलमंडीत मोबाइलचं दुकान आहे त्याचं. पडदा बघून म्हणतो, "क्या उस्ताद, दुनिया की मशीनां चालू करते, अपनी नक्को?" कारण सांगितलं. "तो वो लाइन काट डालो ना!"
मला शिकवतो. क्लास न लावता, मॅन्युअल वाचून शिकलोय मी. ओळीच्या आधी एक खूण टाकायची, मशीन ती ओळ वाचतच नाही, झालं. किंवा ओळीच्या शेवटी एक शब्द: डिस्क नसली तरी अडू नको.
यादीची फाइल उघडली. बंद केली. चहा गार झाला होता.

८ मार्च, रवि.
सुनंदाचा फोन. क्लासला दोघी आल्या, एक तर लई हुशार आहे म्हणे. मग, "मशीन होतंय का चालू?"
म्हटलं, "होतंय की."
ती म्हणाली, "म्हंजे माझं नाव काढलं तुम्ही यादीतून."
हे सगळं मीच शिकवलेलं तिला, ओळ न ओळ. नाही म्हणायला हवं होतं.
"बरं केलं," म्हणाली. फोन ठेवला तिनं.

९ मार्च, सोम.
जेवण गेलं नाही. वाईट वाटतंय असंही नाही, काहीच वाटत नाही.
मशीन लावलं. कर्नल चढलं, ओळी सरकल्या, मग एकच ओळ राहिली. डिस्कला तिचंच नाव दिलेलं, त्यामुळं पडद्यावर 'सुनंदा'ची वाट बघणं चालू, शेजारी सेकंद पळतायत. फोटो काढला. तिला पाठवला. खाली काय लिहावं सुचेना, तसाच गेला.
दोन्ही खुणा निळ्या झाल्या. 'टायपिंग' दिसलं. थांबलं. परत दिसलं.