चारशे वावांखालची वामा

१४ ऑक्टोबर १९३८, भाईंदर
आईने विचारलं, "एवढ्या खोल काळोखात त्या शंखाला डावं-उजवं कसं कळतं गो?" मला सांगता आलं नाही. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली, तरी नाही.
समुद्रातली गोगलगाय, शंखासकट तिळापेक्षा लहान. बाबांनी मिठाच्या खड्याशेजारी ठेवून पाहिली. "मीठ मोठं," म्हणाले.

१७ ऑक्टो.
उत्तनहून पास्कूकाका आले. समुद्राखालची तार दुरुस्त करणाऱ्या बोटीवर ते खलाशी. तार वर ओढली तेव्हा तिला चिकटलेला चिखल त्यांनीच माझ्यासाठी कोकोच्या डब्यात भरून आणला होता. त्यातच हे तीन शंख निघाले. खोली वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, पुन्हा विचारून घेतली.
"चारशे वाव. सायबाच्या वहीत हाय, माझ्या मनातलं न्हाय." मग, "नाव काय ठेवलंस?"
वामा, म्हटलं. डाव्या वळणाची म्हणून. आणि वामा म्हणजे बाई.
"बाईच हाय, कशावरून?"
ते पाहायचं राहिलंच.

२४ ऑक्टो.
कॉलेजातून सरांनी वामावरचा माझा लेख शास्त्रीय मासिकाकडे धाडला. माझ्या एकटीच्या नावाने. या कुळातले सगळे शंख उजव्या वळणाचे, डावा आजवर कुणी नोंदलेला नाही. सरांना मोतीबिंदू, सूक्ष्मदर्शकात आता दिसत नाही. "तुझे डोळे तेच माझे," म्हणाले. लेख छापून आला की प्रयोगशाळेतली जागा मला.
दोन शंख लेखाबरोबर गेले. एक माझ्यापाशी, होमिओपॅथीच्या कुपीत.
बाबा सगळ्यांना सांगतायत, पोरीचं नाव छापून येणार. शेजारची म्हातारी म्हणे, "लग्नाची पत्रिका का?"

९ नोव्हें.
बाबांच्या मिठागराचं काम सुरू होण्याआधीची पूजा. भटजींनी देवघरातला शंख उचलला आणि दरवर्षीचं वाक्य म्हणाले, "तुमचा डावा हो. उजवा लाखात एक."
आई : "डावा तर डावा. वाजतोय ना?"
मी टाळ वाजवत होते, हात थांबला. असाच शंख आमच्या पुस्तकात आहे. खाली लिहिलंय, उजव्या वळणाचा.
भटजी शंखाची शेंडी, म्हणजे वेटोळ्याचं टोक, खाली धरतात, निमुळती चोच वर. पुस्तकात शेंडी वर, मग तोंड ज्या बाजूला तेच वळण. शंख एकच. धरायची रीत फिरली की डाव्याचा उजवा.
सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं. शेंडी खाली, तोंड डावीकडे. अगदी देवघरातल्यासारखं. मी वहीत लिहिलं, डावा. लहानपणापासून ऐकलेला शब्द, विचारही केला नाही. पुढे लेखासाठी चित्राची शेंडी वर करायची होती. ट्रेसिंगचा कागद नुसता फिरवायचा, तो मी पालथा घातला. मनात 'डावा' पक्का होता, तोंड डावीकडेच राहायला हवं म्हणून.

दुपारी कुपी उघडली. शंख सुईच्या टोकावर, मेणात. साधं भिंग घेतलं, त्यात उलटं दिसत नाही. शेंडी वर धरली. तोंड उजवीकडे. तीनदा पाहिलं.
सगळ्यांसारखीच.

११ नोव्हें.
सरांना सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. डावेपण गेलं की वेगळेपणाला उरतात शंखाच्या पायथ्याच्या दोन बारीक रेघा. नवी जात असेलही. नाहीतर जुन्याच जातीचं पिल्लू.
"आधी छापून येऊ दे. जागा मिळू दे. पुढे दुरुस्ती देऊ, सगळेच देतात."
माझ्या भल्याचंच बोलले. जागा गेली तर सहा महिन्यांत माझी पत्रिका खरंच छापतील, हे त्यांनाही ठाऊक आहे. एक शब्द रागाचा नाही. त्यानेच जास्त...

१२ नोव्हें.
बाबा बांध लिंपत होते. तिथेच जाऊन सांगितलं. हातातला चिखल खाली ठेवला नाही.
"वल्लं मीठ गोणीत भरलं तर गोणी फुटत न्हाय. वाटभर गळत जाते."
"म्हणजे कळवू म्हणता?"
"मी मिठाचं सांगतंय. शंखाचं तुला कळतं."
मग, "मी लोकांना सांगून बसलोय."
पुन्हा लिंपायला लागले.

१३ नोव्हें.
आईच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. एवढं मात्र वाटतं, डावं-उजवं शंखाला कळत नसावं. ते आपल्याला लागतं. तो वळतो तसा वळतो. पण मग मी नोंदलं ते त्याचं की आमच्या देवघराचं?
पत्राचे चार मसुदे. पहिल्या तिन्हींत 'सूक्ष्मदर्शकामुळे' असा शब्द होता. सूक्ष्मदर्शकाने काही केलं नाही. चौथ्यात काढला.

१४ नोव्हें.
सकाळी संपादकांना पत्र टाकलं. वळण उजवं आहे. चित्र उलटं आहे, चूक माझी. 'वामा' हे नाव मागे घेते. पायथ्याच्या रेघांवरून जात नवी ठरते की नाही, ते नमुने पाहून ठरवावे. सरांना त्याच टपालाने नक्कल.
घरी येऊन कुपीवरची चिठ्ठी बदलली. नाव नाही लिहिलं. चारशे वाव, तारेवरचा चिखल, पास्कूकाकांचा डबा. एवढंच.