टाळूखालचं बिऱ्हाड

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (खरोखरच घातला आहे, टाकीपुढच्या फरशीवर, ती पुसायला झाली आहे हेही त्या निमित्ताने कळलं). तुझे गुडघे कसे आहेत? जिना दिवसातून एकदाच चढतेस ना? भावोजींच्या हिरड्या काय म्हणतात? त्यांची जुनी कवळी अजून शाबूत आहे ना? विशेषतः वरची, टाळूच्या बाजूने कुठे चीर गेलेली नाही ना, हे उजेडात धरून बघ आणि कळव. नव्या कवळीबद्दल तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा नेमका माझ्या खुर्चीत पेशंट होता, त्याला मी काय करणार? तो विषय शेवटी घेतो.

आधी आनंदाची बातमी. ताई, टाकीत अंडी आहेत! नारिंगी, टपोरी, एकमेकांना चिकटलेली. सकाळपासून चारदा मोजली, चार वेगळे आकडे आले, पण पन्नासच्या खाली एकही नाही. आज मी दोन दाढा काढायच्या पुढे ढकलल्या. त्या दाढांचे मालकही माझ्याइतकेच खुशीत घरी गेले.

आता तू विचारशील, अंडी कुणाची? इथे मला कबुली द्यावी लागेल. अकरा वर्षांपूर्वी तू दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ही टाकी मांडलीस आणि जाताना झाकणावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवलीस, की हिच्यात काही वाढवायचं नाही, काही काढायचं नाही, हात घालायचा नाही. महिनाअखेरीला तू येणार आहेस आणि काही इकडचं तिकडे दिसलं तर टाकी उचलून घेऊन जाणार आहेस, हे ऐकल्यापासून मी ती चिठ्ठी रोज वाचतो. ताई, त्या खोलीत बसणारा प्रत्येक माणूस मनातून एकच मागत असतो, की आपला नंबर येऊ नये. दार उघडून मी बाहेर आलो की सगळे माना खाली घालतात. मला बघून पुढे येतात ते फक्त मासे. तेही गेले तर मी दार कशाला उघडायचं?

पण काचेवर शेवाळ इतकं चढलं होतं की आपल्या अपॉइंटमेंट लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, पेशंटना वाटेल दात पण असेच घासून देतात. ते मला लागलं. तडक माशांच्या दुकानात गेलो आणि तीन बुटके प्लेको घेतले. (प्लेको म्हणजे तळाशी राहणारा, तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा. थोडक्यात, आमच्याच व्यवसायातला.) ह्यांची एक मोठी जात असते, ती हातभर वाढते, ही बोटभरच राहते, एवढी चौकशी मी केली होती. दुकानदाराने एक नर आणि दोन माद्या म्हणून दिले. नराच्या नाकाडावर मिशांचं रान असतं. दवाखान्यात येईपर्यंत दोघांना मिशा होत्या.

नव्या माशांना नवं पाणी हळूहळू चाखवावं लागतं, एवढं मी तुझ्याकडूनच शिकलोय. म्हणून सलाईनची नळी लावून टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने वाडग्यात सोडलं, तासभर. वाडगा कुठला, तर एका पेशंटची वरची कवळी ज्यात भिजत होती तो. (कवळी कोरडी ठेवली की वाकते, म्हणून आम्ही ती पाण्यात ठेवतो. साधंच पाणी होतं, कवळी साफ करायची गोळी टाकलेली नव्हती.) दुसरा वाडगा शोधायला आत जावं लागलं असतं आणि मला धीर नव्हता. तासाभराने दोघं शहाण्यासारखे टाकीत गेले. तिसरा, मोठ्या मिशांचा, कवळीच्या आत शिरून टाळूला चिकटला तो सुटेचना. ओढावं तर त्याचं तोंड फाटेल. ताई, बावीस वर्षं मी कवळ्या करतोय, पण टाळूला इतकी घट्ट चिकटलेली एकही माझ्या हातून झालेली नाही. मी थक्क होऊन बघतच राहिलो. शेवटी त्याला कवळीसकट खाली सोडलं, संध्याकाळी काढून घेऊ म्हणून.

संध्याकाळी तो दारात बसून होता. दारात म्हणजे पुढच्या दोन दातांच्या मागे.

बाकीचे दोघं नऊ दिवस दिसलेच नाहीत. गेले, असंच मी धरून चाललो. कपाळावरचा दिवा लावून, तोंडात घालायचा छोटा आरसा बुडवून मी लाकडामागे, गवतामागे, पंपामागे शोधत बसायचो (आरसा घातला, हात घातलेला नाही, चिठ्ठीचा मान राखला आहे). एकदा गाण्याच्या बाई खुर्चीत आ करून वीस मिनिटं तशाच राहिल्या, आणि मी बाहेर काकडीच्या चकतीला चिमटा बांधून ती तळाला सोडत होतो. त्या शेवटी स्वतःच उठून आल्या, टाकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो डॉक्टर, ही हसतेय!" दुसऱ्या दिवशी काकडीचं फक्त साल उरलं होतं. मी अपॉइंटमेंटवाल्या बाईंना टाळी दिली. त्यांनी रजिस्टर पुढे धरलं.

काच आता अशी लखलखतेय की तुझी म्हातारी एंजल मासोळी स्वतःचं प्रतिबिंब बघून दिवसभर तोऱ्यात असते. तिच्या पंखाला धक्का नाही, शपथेवर सांगतो. आणि काल कवळीत आरसा धरला तर आत अंडी, आणि हा बाप शेपटीने वारा घालत बसलेला. खात नाही, हलत नाही. आता पिल्लं बाहेर पडून स्वतः खायला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे ते घर हलवायचं नाही. पेशंटचं काय, म्हणशील. पेशंट फार सोशिक आहे. जगात एकाच व्यक्तीला घाबरतो.

भाच्यांना आशीर्वाद, गुडघ्यांना शेक.

तुझा,
धाकटा

ता. क. तो सोशिक पेशंट कोण, हे तू ओळखलं असशीलच. तो कुणाला घाबरतो हेही. भावोजींना मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, हिला कळवू नकोस. तेव्हा मी कळवलं हे त्यांना कळवू नकोस. रोज दुपारी तुझा डोळा लागला की अंगणातून फोन करून ते मिशाळाची खुशाली विचारतात. त्या कवळीबद्दल कुणाचीच तक्रार नाही असं पहिल्यांदाच घडतंय, म्हणून त्यांना भरून आलं होतं.

ता. क. २ टाकी नेऊ नकोस. एवढंच मागायला पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. ३ आणखी एक. दुसऱ्या मिशाळाला घर नाही. तो येऊन दारात ढुशा देतो, आणि अशाने अंडी वाऱ्यावर जातील. फुलझाडाची कुंडी दिली, नारळाची करवंटी दिली, ढुंकून बघत नाही. त्याला टाळूच हवा आहे. भावोजींची जुनी कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवशील का? चीर नसेल तरच.

ता. क. ४ पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कुरियरवाला आला. जुनी कवळी पोचली, भावोजींनीच परस्पर धाडलेली, चीर नाही. भावोजी कालपासून तोंड मिटून बसलेत आणि नुसतं सूप पितात, ते तुझ्यावर रुसून नाही.