शेगडी गच्चीवर ठेवली

११ डिसेंबर १९८८, रविवार

सगळ्यात आधी आल्या त्या खालच्या बीजी. आठसुद्धा वाजले नव्हते. आम्ही त्यांच्याच घरात वर भाड्याने, म्हणजे त्या मालकीणबाई, पण झाकलेलं ताट घेऊन दारात अशा उभ्या की जशा काही आपणच मागायला आल्यात. ताटात पंजिरी, बाळंतिणीसाठी कणीक तुपात भाजून केलेली. तूप इतकं की बोटं धुवायला गरम पाणी घ्यावं लागलं. मग अकराला ३९ सेक्टरमधल्या जोशीबाई, आमच्या धाकट्याच्या, श्रीच्या लॅबमधल्या जोश्यांची बायको. झबलं आणलं ते दोन वर्षांच्या मुलाला होईल एवढं. बाळाला बघून म्हणाल्या, नाक आजीचं. मी म्हटलं, नाक कसलं मेलं, नुसता ठिपका आहे अजून. पण बरं वाटलं.

चारलाच निघाल्या. इथे अतिरेक्यांच्या भीतीने सगळे अंधाराच्या आत घरी पोचतात. बस नाक्यावर थांबवून पिशव्या उघडून बघतात, त्यात वेळ जातो.

नातीचा आज दहावा दिवस. नाव ठेवेपर्यंत मी तिला ठमी म्हणत्ये. माधवी, सून माझी, म्हणते, आई, ठमी नको हो. म्हणत्येच.

१४ डिसेंबर, बुधवार

खोबरेल गोठलं. आमच्या गुहागरला पौषात जरा दाट होतं एवढंच, इथे चमच्याच्या दांड्याने खरवडून काढलं. हातावर चोळून चोळून पातळ केलं नि मग ठमीला लावलं. पायमोजे घालून स्वैपाक करत्ये, कोणाला सांगितलं तर हसतील. बोटांना चिरा पडल्यात, मिरची चिरली की जीव जातो. दही लागत नाही. काल विरजलेलं आज दूधच. बीजींनी दाखवलं, भांडं रजईत गुंडाळून ठेवायचं. आता पलंगावर एकीकडे नात नि एकीकडे दही.

पण मी सुखात आहे. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं, नाशिकला व्हायचं ठरलेलं. सातव्यात माधवीचं ब्लडप्रेशर चढलं, डॉक्टर म्हणाले प्रवास नको, नि इकडच्या गाड्यांचा तसाही भरवसा नाही, केव्हा कुठे थांबवतील. विहीणबाईंना इथे यायचं तर त्यांच्या सासूबाई अंथरुणावर. मग श्रीचं मला पत्र, आई तू ये. मला दोन मुलगेच, लेक नाही. लेकीचं बाळंतपण माझ्या नशिबी नव्हतंच. हे अवचित मिळालं. विहीणबाईंचं पत्र आलं त्यात, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहोत, असं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. पण पहिलं आमच्याकडे झालं असतं तर, असंही होतंच खाली.

१९ डिसेंबर, सोमवार

धुकं. चार दिवस सूर्य नाही. गच्चीचा कठडा दिसत नाही इथून. लंगोट दोरीवर घालत्ये ते संध्याकाळी तसेच ओले, वर गार कडक. पापड झालेत म्हटलं श्रीला. हसला नाही. कामाला जाताना अलीकडे हसत नाही तो.

शेवटी शेगडी आत घेतली. माधवीच्या बाजेखाली शेक, शेगडीवर टोपली पालथी घालून वर लंगोट, निखाऱ्यावर ओवा नि वावडिंग. खोली कशी छान झाली. खिडकीच्या फटीतून वारं येत होतं तिथे श्रीकडून वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून घेतल्या. म्हणालान, आई, एखादी फट राहू दे. मी म्हटलं, बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं. मग कोंबलंन.

बीजी आल्या तेव्हा दारातच थांबल्या. म्हणाल्या, भैणजी, अंगीठी अंदर नहीं रखते. इथे थंडीत माणसं कोळसे आत ठेवून निजतात नि उठतच नाहीत, असं काही काही सांगत होत्या. मी मान हलवली. मनात म्हटलं, माझे दोघे याच शेकावर वाढले. गावात दहाजणींना शेक दिला असेल मी.

२३ डिसेंबर, शुक्रवार

परवापासून वही धरली नाही. लिहू नये असं वाटत होतं. लिहित्ये.

बुधवारी सकाळी दहाच्या पुढे ऊन पडलं. पाच दिवसांनी. ठमीची अंघोळ झालेली, धुरी दिलेली, माधवीच्या कुशीत ठेवली. निखारे चांगले फुललेले, धूर अजिबात नव्हता. दार नीट ओढून घेतलं नि लंगोटांची बादली घेऊन गच्चीत गेले. बीजीही वर आलेल्या लोकर घेऊन. मग काय, ऊन पाठीला आणि बोलायला माणूस. त्यांच्या गावच्या घराचं सांगत होत्या, तरनतारनकडचं, दोन वर्षं गेल्या नाहीत, भाऊ लिहितो येऊ नको. मी आमच्या पडवीचं सांगत होते. किती वेळ, काय माहीत. लंगोट घालून झाले तरी बसलेच मी.

मधेच बीजींनी विचारलं, अंगीठी कहाँ है? म्हटलं, अंदर.

त्यांच्या मांडीवरची लोकर खाली पडली. अनवाणी पळाल्या. मला कळेना, मी मागून. त्यांनी दार ढकललं, खिडकी उघडेना तर हाताने काच फोडली. माधवीला दंडाला धरून ओढलं. ती डोळे उघडी पण बघत नव्हती, ओकली. ठमी रडत नव्हती. हात सोडला की खाली पडे. एवढासा हात.

बीजींच्या मुलाने गाडी काढली. मी पायमोज्यांवरच बसले गाडीत. नाक्यावर शिपायाने थांबवलंन, बीजींनी खिडकीतून ठमीला नुसती दाखवली, सोडलंन. गाडीत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, एका वळणावर ती रडली. मग रडतच राहिली. मला इतकं गोड काही ऐकू आलेलं नाही.

दोघींना एक रात्र ठेवून घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, माताजी, जो धूर दिसत नाही, ज्याचा वासही येत नाही, तोच मारतो. मी विचारलं, आमच्याकडे कसं नाही झालं. ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. मग माझं मलाच समजलं. आमच्या घरी भिंत नि कौलं यांच्या मधून मांजर ये-जा करतं. इथे वर स्लॅब, नि फटी मीच बुजवल्या.

२७ डिसेंबर, मंगळवार

दोघी घरी, बऱ्या. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. श्रीने घड्या सगळ्या उपसून काढल्या, काच बसवून घेतली, मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं. शेगडी गच्चीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली मी. रबरी पिशवीत गरम पाणी घालून माधवीला शेक देत्ये.

ठमीला अंघोळ घालायला हात धजेना. शनिवारी भांडी घासत बसले, रविवारी निवडायला तांदूळ घेतले. माधवीने हाक मारली, आई, पाणी काढलंय, या. गेले. पायावर घेतली, पाणी दोनदा कोपराने बघितलं. माधवी समोर बसून बघत होती. बघणारच.

मग म्हणाली, नाशिकला कळवू नका हं. आईला तर नकोच, ती तिथे बसून जीव काढेल. बीजींच्या हाताला चार टाके आहेत. मी शिरा घेऊन गेले तर म्हणाल्या, यात साखर कमी आहे.

३ जानेवारी १९८९, मंगळवार

ऊन. ठमीच्या बोरन्हाणाचे दागिने करायला घेतले. गच्चीतच शेगडी पेटवली, परातीत तीळ, पाक थेंब थेंब, बोटांनी हलवत राहायचं. घरी दरवर्षी हलवा चिकटायचा, आमच्याकडची हवाच ओली. काटा यायचा तो बोथट. इथे काय काटा आलाय. कोरडी थंडी लागते त्याला. दुपारी दोनपर्यंत बसले, बोटं भाजली, चिरांत पाक गेला. हार, बिंदी, बांगड्या एवढ्याशा, माझ्या अंगठ्यात जातील अशा. जोशीबाई बघून म्हणाल्या, अहो, दुकानात ठेवा. बीजींना वाटलं खायचा आहे, एक तोंडात टाकलंन नि सांगतात, दाँत गया.

या थंडीचं हे एक बरं निघालं.

६ जानेवारी, शुक्रवार

विहीणबाई नि व्याही आले. गाडी सात तास उशिरा. सासूबाईंना नणंदेकडे ठेवून आल्यात. ठमीला घेतलं, दुपट्यातून तिचे पाय काढून बघितले. मग मला म्हणाल्या, विहीणबाई, तुम्ही माझी लाज राखलीत. पाया पडायला वाकल्या. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. मी मागे सरले, धरू पण दिले नाहीत पाय. त्यांना वाटलं मी संकोचले.

८ जानेवारी, रविवार

बारसं. नाव अश्विनी. आत्या नाही म्हणून जोशीबाई आत्या झाल्या, कानात कुर्र केलं, नि पाठीवर धपाटे घालायचे असतात हे बीजींना मीच सांगितलं, तर टाक्यांचा हात असूनही असे घातले की जोशीबाई पाळण्यावर वाकल्या. सगळे हसले, श्रीसुद्धा. घुगऱ्या उरल्या पुष्कळ, वीसजणांना बोलावलं, नऊ आले. आज शहर बंदची आवई होती.

व्याही म्हणाले, आम्ही महिनाभर राहतो. जीव सुपाएवढा झाला. बीजी तेराला खाली ठमीची पहिली लोहडी, म्हणजे त्यांचा शेकोटीचा सण, करणार, चौदाला आपलं बोरन्हाण. उन्हं असेतो करू म्हणाल्या लोहडी, आता अंधारात कोण जमतं.

१० जानेवारी, मंगळवार

पुन्हा धुकं. सकाळी ठमीला अंघोळ घालून आत नेली. विहीणबाई म्हणाल्या, किती गारठलंय हो पोर, नि तुम्ही खिडकी काय उघडी ठेवता, शेगडी बाहेर काय उपयोगाची. मी म्हटलं, पिशवी आहे गरम पाण्याची. त्या म्हणाल्या, पिशवीने काय होतंय, आपण शेकावरच वाढलो. नि उठल्या, स्वतः जाऊन शेगडी आणली, निखारे घातले, खिडकी लावली. दार ओढायला लागल्या. माधवी माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, सांगू नका, अशी.

नुसतं शेगडी नको म्हणून भागलं नसतं. मी असते घरी तोवर अडवीन, पण माझी पाठ वळली की? त्या काही वाईटाने करत नव्हत्या. मीच होते ती, तीन आठवड्यांपूर्वीची.

दाराला हात लावला नि सांगितलं. सगळं. घड्या, दार, गच्चीत बोलत बसले ते.

विहीणबाई खाली बसल्या. बराच वेळ ठमीची टाळू चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण आता मी तिला इथे ठेवू शकत नाही."

शेगडी उचलून गच्चीत नेली. त्यांनीच दार उघडून धरलं मला.

११ जानेवारी, बुधवार

उद्याची नाशिकची तिकिटं मिळाली, माधवी नि ठमी त्यांच्याबरोबर. श्री दिल्लीपर्यंत जाऊन गाडीत बसवून देणार. श्री व्याह्यांशी बोलला, थांबा म्हणून, ते हो-नाही करत होते, म्हणाले, थंडी आहे, इकडची हवा अशी, हे दिवस असे, तिकडे बरं पडेल. माझं नाव कोणी घेत नाही. माधवी मला म्हणाली, आई, तुम्ही का सांगितलंत? रागाने नाही. मग दोघी रडलो. मग तिला अळिवाचे लाडू बांधून दिले, हलव्याचे दागिने डब्यात कापूस घालून दिले. तिथे घाला म्हटलं बोरन्हाण.

ठमीची आजची अंघोळ मी घातली. विहीणबाई बाजूला बसून पाणी देत होत्या. त्यांनी नको म्हटलं नाही, हे लिहून ठेवायला हवं.

१३ जानेवारी, शुक्रवार

काल सकाळी ठमी नाशिकला निघाली. खाली गाडीपर्यंत गेले. ऐन वेळी हातात घ्यायचं सुचलंच नाही, दुपटं नीट करत राहिले.

बीजींनी अंगणात लोहडी पेटवली, शेंगा, रेवड्या टाकल्या. बाळ नाही तर कशाला म्हटलं मी. तर म्हणाल्या, बच्ची तो अपनी है, जहाँ भी हो. मी बसले त्यांच्याजवळ. चटका लागत होता तोंडाला नि पाठ गार. इथली थंडी अशीच, एका बाजूने शेकलात तरी दुसरी बाजू तशीच.

१५ जानेवारी, रविवार

श्री आला दिल्लीहून. आपणहून बसला माझ्याजवळ. गाडीत ठमी झोपली म्हणाला, खिडकीशी उजेडाकडे बघायला लागली की गप्प राहते. मग म्हणाला, आई, तूपण आता घरी जा, तुझे हात बघ. दादाला कळवतो. मी म्हटलं, नाही जात. त्याने माझ्या बोटांना व्हॅसलीन लावलं. हे लहानपणी त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कधी येणार म्हणाले?

म्हणाला, २६ मार्चला, रविवारी. होळी झाली की लगेच. ठमी तेव्हा पालथी पडत असेल. बीजी म्हणतात, तेव्हा इथे हवा छान असते, ना थंडी ना लूच्या झळा. वहीत आधीच ते पान काढून तारीख घातली. ही तारीख व्याह्यांनी सांगितली, गाडी सुटायच्या आधी. विहीणबाई तेव्हा ठमीचं टोपरं बांधत होत्या, श्री म्हणतो, त्यांनी वर पाहिलं नाही.