काठीतली बंदूक

सावली, १९ नोव्हेंबर १९९६

बाबा मला भेटायला आले, तर दिराने आजेसासऱ्यांची विलायती काठी काढली. दिसायला साधी काठी, पण मूठ मागे ओढली की खालून चाप बाहेर पडतो. ती त्याने बाबांच्या छातीवरच रोखली.

"रिकामी हाये, मामाजी! घाबरून काऊन राह्यले?"

हसत होता मेला! मी काठी हिसकावली, अंगणातल्या मातीकडे धरली आणि तो इवलासा चाप दाबला. बार उडाला. बाबा मटकन खाली बसले. मी हिसकावली नसती तर?

आणि सासूबाई मलाच म्हणाल्या, "पावण्यासमोर तमाशा काऊन केला?" नवरा त्यांच्या मागोमाग घरात निघून गेला.

सकाळी बाबांसोबत निघते. मला न्यायला यांनी येऊनच दाखवावं.